घड्याळ कोणाचे? : संशोधकांच्या कामाच्या वेळेविषयी काही ऐतिहासिक नोंदी

१

'संशोधनाला वेळेचे बंधन नसते' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले, याची चौकशी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. हजेरीपटावर सही करण्यास नाखूष असलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकाने ते कुलसचिवांना ऐकवले तर त्याचा अर्थ 'माझ्या वेळेवर तुमचा अधिकार चालणार नाही' असा होतो. त्याच प्राध्यापकाने ते आपल्या हाताखालच्या प्रकल्प सहायकाला ऐकवले तर त्याचा अर्थ 'तुझ्या वेळेवर माझा अधिकार अमर्याद आहे' असा होतो. शब्द तेच, पण पहिल्या उच्चारात हक्क आहे आणि दुसऱ्यात मागणी.

गेल्या काही दशकांत विद्यापीठांच्या कारभारात 'लवचीक कामाचे तास' ही कल्पना रूढ झाली आहे. तिचा पुरस्कार करणारे ती संशोधनाच्या प्रकृतीला साजेशी मानतात, तर तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांना ती कामचुकारपणाची सोय वाटते. दोन्ही पक्षांना ही कल्पना नवी वाटते, आणि तिथेच चर्चा उथळ होते. संशोधकाचा वेळ या ना त्या प्रकारे नेहमीच लवचीक होता. तो कोणाच्या सोयीने वाकला, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा सलग इतिहास देण्याचा उद्देश नाही. काही प्रसंग आणि काही नियम समोर ठेवून हा एकच प्रश्न तपासून पाहावा, इतकाच हेतू आहे.

आरंभी आपल्याच परंपरेतील एका शब्दाची आठवण करणे उचित ठरेल. तो शब्द म्हणजे 'अनध्याय'. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत वेदाध्ययन केव्हा थांबवावे याचे नियम मोठ्या तपशिलाने येतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी या तिथींबरोबरच मेघगर्जना, धुळीचे वादळ, कोल्ह्यांची ओरड, गावात प्रेत असणे अशी कितीतरी निमित्ते सांगितली आहेत. या नियमांमागची भूमिका शुद्धाशुद्धतेची आणि शुभाशुभाची आहे. तिला विश्रांतीचा हक्क म्हणणे म्हणजे आजची कल्पना भूतकाळावर लादणे होय. शिवाय ज्या वर्गासाठी हे नियम होते तो वर्ग किती मर्यादित होता, हेही विसरता येत नाही. तथापि त्यांतील एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. अध्ययन केव्हा थांबायचे हे गुरूच्या मर्जीवरही नव्हते आणि शिष्याच्या उत्साहावरही नव्हते. दोघांच्या बाहेरचा एक नियम दोघांनाही सारखाच बांधत होता. आधुनिक विद्यापीठातील संशोधन व्यवस्थेत नेमका हा तिसरा घटक पुष्कळदा गहाळ असतो.

२

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन उत्तम गुणांनी पदवी मिळवलेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी प्रवेश मागण्यास गेल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संस्थेचे संचालक त्या वेळी चंद्रशेखर वेंकट रामन होते. स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही आणि अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, त्यांनी काम करायचे होते. आणि प्रयोगशाळेचे वातावरण आपल्यामुळे बिघडणार नाही याची काळजी घ्यायची होती.

ही हकिकत आता बऱ्याच वाचकांच्या परिचयाची आहे आणि ती सांगताना भर साहजिकच पहिल्या व तिसऱ्या अटीवर असतो, कारण त्यांतील अपमान उघड आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत काम करणारे पुरुष विद्यार्थी त्या काळीही असणार. परंतु त्यांच्या बाबतीत जी रीत होती ती कमलाबाईंच्या बाबतीत प्रवेशाची किंमत झाली. किती तास, किती दिवस, याचा उल्लेख त्या अटीत नाही. मर्यादा सांगितलेली नसणे हेच तिचे स्वरूप आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर हेही 'लवचीक वेळापत्रक'च होते, फक्त ते वाकवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे होता.

कमलाबाईंनी ती अट पाळली, दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतील 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावरील संशोधनासाठी १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. केंब्रिजमधील त्यांच्या आरंभीच्या दिवसांविषयी चरित्रांत एक तपशील येतो. डेरेक रिक्टर यांच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा रिक्टर रात्री ज्या टेबलावर झोपत ते त्यांनी दिवसा कमलाबाईंना कामासाठी दिले. एकच टेबल दोघांनी वेळ वाटून घेऊन वापरले. सोय तशी गैरसोयीचीच होती, परंतु तीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. बंगळूरची अट आणि केंब्रिजचे टेबल या दोहोंतील फरक ध्यानात घेतला तर पुढचा बराचसा इतिहास समजणे सोपे जाते.

त्याच १९३३ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाचा खंड विष्णु सीताराम सुकथनकरांच्या प्रस्तावनेसह पूर्ण झाला. पाठचिकित्सेचा आदर्श म्हणून या प्रस्तावनेचा अभ्यास साहित्याच्या आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांना करावा लागतो. तिच्यामागे जी श्रमव्यवस्था होती तिच्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हस्तलिखिते ताडून पाहण्यासाठी चौकटी आखलेले कागद वापरले जात. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एका चौकटीत एक अक्षर, आणि खालच्या ओळींत एकेका हस्तलिखितातील पाठभेद. हे काम पुण्यात होई, तसेच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही होई. या कामाची मोजदाद करता येते. आज किती श्लोक ताडले, किती कागद भरले, हे संध्याकाळी सांगता येते. परंतु समोर आलेल्या पाठभेदांपैकी कोणता स्वीकारायचा याचा निर्णय किती तासांत व्हावा, हे कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. एकाच प्रकल्पात, एकाच छपराखाली, मोजता येणारा वेळ आणि न मोजता येणारा वेळ असे दोन वेळ शेजारी शेजारी नांदत होते.

सुकथनकर १९२५ पासून या कार्याचे प्रमुख संपादक होते. १९४३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ साली संहितेचे काम पूर्णत्वास गेले. डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाची कथाही अशीच आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली काम सुरू झाले आणि पहिला भाग प्रसिद्ध व्हायला १९७६ साल उजाडले. एका माणसाच्या सेवाकाळाहून लांब पल्ल्याची ही कामे आहेत. अशा कामांत प्रमुख संपादकांची नावे इतिहासात राहतात, आणि त्यांच्या अमोज वेळेचा आपण यथोचित गौरव करतो. पाठ ताडणाऱ्या आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मंडळींचा वेळ मोजला गेला, त्याचे वेतन झाले आणि तो विस्मृतीत गेला. संशोधन संस्थेतील श्रेणी केवळ पदांची नसते. कोणाचा वेळ मोजायचा आणि कोणाचा मोजायचा नाही, हीही एक श्रेणी असते.

३

'लवचीक तास' ही कारभाराची रीत म्हणून जिथे प्रथम ठळकपणे अमलात आली ते ठिकाण विद्यापीठ नव्हते, पण संशोधनाशी संबंधित मात्र होते. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत मनुष्यबळाची टंचाई होती. क्रिस्टेल केमरर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अशी कल्पना मांडली की कामावर येण्याजाण्याच्या वेळा सैल केल्या तर घरसंसारात अडकलेल्या स्त्रियांना नोकरी करणे शक्य होईल. १९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथे ब्योल्को या विमान कंपनीच्या संशोधन-विकास केंद्रात ही पद्धत सुरू झाली. पुढे मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोम या नावाने ओळखली जाणारी कंपनी ती हीच. तिथले तातडीचे कारण तसे गद्यच होते. सगळे कर्मचारी एकाच वेळी येत आणि एकाच वेळी निघत, त्यामुळे रस्त्यावर वाहनांची कोंडी होई.

जर्मन भाषेत या पद्धतीला 'ग्लाइटत्साइट' म्हणजे 'सरकता वेळ' असे नाव मिळाले. तिची रचना साधी होती. दिवसाच्या मध्यभागी काही तास असे ठरवायचे की त्या अवधीत प्रत्येकाने हजर असलेच पाहिजे. त्याला गाभ्याचा वेळ म्हणू. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काही तासांची सैल पट्टी, तीत कोणी केव्हा यावे आणि केव्हा जावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. महिनाअखेर तासांचा हिशोब करायचा. जास्त झाले असतील ते जमेस धरायचे आणि कमी पडले असतील ते पुढे भरून काढायचे.

या रचनेचा एक भाग आपल्याकडच्या चर्चेत हमखास गाळला जातो. सरकता वेळ आला तो मोजणीसह आला. सगळेजण नऊला येतात आणि सहाला जातात तेव्हा दरेकाचे तास वेगळे मोजावे लागत नाहीत, कारण भोंगा सर्वांसाठी एकच असतो. दरेकाची वेळ निराळी झाली की दरेकाची नोंद ठेवावी लागते. म्हणजे लवचिकता आणि नोंद या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. मूळ कल्पनेत त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. नोंद होती म्हणूनच कर्मचाऱ्याला सांगता येत होते की माझे तास भरले, आता मी निघतो. हे वाक्य म्हणण्याची सोय हाच या पद्धतीचा गाभा होता, असे म्हटले तरी चालेल.

४

ही पद्धत १९७० च्या दशकात ब्रिटनसह अनेक देशांच्या कचेऱ्यांत पसरली. विद्यापीठांत मात्र ती कचेरीच्या दारापर्यंत आली आणि प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर थबकली. संशोधक तर मुळातच मोकळे आहेत, त्यांना वेगळ्या सवलतीची काय गरज, असा समज त्यामागे होता. आजही अनेक ब्रिटिश विद्यापीठांच्या सेवाकरारांत अध्यापक-संशोधकांचे तास आकड्यांत दिलेले नसतात. आपली जबाबदारी पार पाडण्यास वाजवीपणे लागेल तितका वेळ काम करावे, अशा आशयाचे कलम असते. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला हे कलम मोकळीक देते. दोन-तीन वर्षांच्या करारावरील संशोधन सहायकाला, ज्याची पुढची नेमणूक याच प्राध्यापकाच्या शिफारसपत्रावर अवलंबून असते, तेच कलम निराळ्या रीतीने वाचावे लागते.

हा समज अपुरा आहे हे प्रथम दाखवून दिले ते संशोधनातून बाहेर फेकल्या गेलेल्या स्त्रियांनी. डॅफनी जॅक्सन या १९७१ साली सरे विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये या विषयात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मुले झाल्यावर काही वर्षे घरी राहिलेल्या उच्चशिक्षित वैज्ञानिक स्त्रियांना आपल्या शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेली कामे पत्करावी लागतात, ही त्यांची खंत होती. अशा स्त्रियांना संशोधनात परतता यावे म्हणून त्यांनी १९८५ साली शिष्यवृत्त्यांची योजना सुरू केली. अर्धवेळ काम आणि त्याबरोबर नव्याने प्रशिक्षण, हे तिचे वैशिष्ट्य. १९९५ साली रॉयल सोसायटीने डोरोथी हॉजकिन यांच्या नावे ज्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या त्यांतही कामाच्या वेळा बदलून घेण्याची मुभा होती. तोवर संशोधन हे पूर्णवेळच असते, नाहीतर ते संशोधनच नव्हे, असे गृहीत धरले जात होते. या योजनांनी त्या गृहीतकाला तडा दिला.

त्यानंतर कायदाही बदलत गेला. लहान मुलांच्या पालकांना वेळ बदलून मागण्याचा हक्क ब्रिटनमध्ये २००३ साली मिळाला, २०१४ साली तो पुरेशी सेवा झालेल्या सर्व कर्मचाऱ्यांना लागू झाला आणि २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तो वापरता येतो. हा मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. विद्यापीठांपुरते पाहिले तर करारावरील संशोधकांच्या सेवाशर्तींविषयीचा समझोता १९९६ साली झाला आणि २००८ व २०१९ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २००५ साली 'अथेना स्वान' ही सनद आली. तिच्या प्रभावाने अनेक विभागांनी एक साधा नियम केला. विभागाच्या बैठका आणि व्याख्याने सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर ठेवायची नाहीत, किंवा असाच काही अवधी पाळायचा. ओटोब्रुनचा गाभ्याचा वेळ अशा रीतीने विद्यापीठात पोहोचला, पण उलटा होऊन. तिथे कर्मचाऱ्याने त्या वेळेत हजर असणे बंधनकारक होते, इथे विभागाने त्या वेळेबाहेर कोणाला न बोलावणे बंधनकारक झाले. नियम छोटा आहे, परंतु तो वरिष्ठांना बांधतो हे त्याचे महत्त्व.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचा परिणाम विपरीत झाला. संशोधनावर नेमका किती खर्च होतो हे सरकारला कळावे म्हणून ब्रिटिश विद्यापीठांत १९९९-२००० च्या सुमारास खर्चाच्या हिशोबाची नवी पद्धत आली आणि अध्यापकांना आपल्या वेळेचे वाटप लिहून देणे भाग पडले. हे वाटप टक्केवारीत मागितले जाई. अध्यापनाला इतके टक्के, संशोधनाला इतके, कारभाराला इतके, बेरीज शंभर. आता आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्याचेही शंभर टक्केच होतात आणि पासष्ट तास करणाऱ्याचेही शंभर टक्केच. जो आकडा खरे सांगू शकला असता तो मागितलाच गेला नाही. मोजणी असणे पुरेसे नसते. ती कोणासाठी केली जाते यावर तिच्यात काय दिसेल हे ठरते.

५

याचा पुढचा अध्याय पुन्हा जर्मनीत घडला. युरोपीय महासंघाच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत संशोधकांना तासांच्या नोंदवह्या भराव्या लागू लागल्या. 'होरायझन २०२०' या कार्यक्रमात एका माणसाचे वर्षाचे उत्पादक तास १७२० धरण्याची सोय होती. पुढच्या कार्यक्रमात तासांऐवजी दिवस आले आणि वर्षाला २१५ दिवस हा आकडा ठरला. आठाने गुणले तर हे दोन्ही आकडे एकच आहेत. ही नोंद निधी देणाऱ्याच्या हिशोबासाठी होती. त्याहून जास्त झालेल्या कामाला त्या कागदावर जागा नव्हती.

१४ मे २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पेनमधील एका खटल्यात असा निर्णय दिला की दरेक कर्मचाऱ्याने रोज किती वेळ काम केले हे मोजण्याची विश्वसनीय व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे. त्याशिवाय कमाल तासांची आणि किमान विश्रांतीची मर्यादा पाळली गेली की नाही हे कळणार तरी कसे, असा त्यामागील युक्तिवाद होता. १३ सप्टेंबर २०२२ रोजी जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने हे बंधन तिथल्या मालकांना लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर जर्मन विद्यापीठांत वाद सुरू झाला. विश्वासावर आधारलेली वेळ हीच विज्ञानाची परंपरा असून तासांची नोंद ठेवणे म्हणजे संशोधनाच्या स्वातंत्र्यावर आघात होय, अशी भूमिका विद्यापीठांच्या वर्तुळातून मांडली गेली. कामगार संघटनांचे म्हणणे नेमके उलटे होते.

वरवर पाहता यात स्वातंत्र्य विरुद्ध नियंत्रण असा सरळ सामना दिसतो. जर्मन विद्यापीठांतील तरुण संशोधकांची स्थिती लक्षात घेतली म्हणजे चित्र बदलते. २००७ च्या कायद्यानुसार पीएच.डी.पूर्वी सहा वर्षे आणि पीएच.डी.नंतर सहा वर्षे, वैद्यकशास्त्रात नऊ, इतका काळ मुदतीच्या नेमणुकांवर ठेवता येते. मूल असल्यास ही मुदत वाढवता येते. पीएच.डी. करणाऱ्या अनेकांना अर्धी किंवा दोन तृतीयांश जागा दिली जाते, म्हणजे वेतन तितके मिळते, आणि काम मात्र पूर्ण दिवसाचे अपेक्षित असते. शिक्षण मंत्रालयाने या व्यवस्थेचे समर्थन करण्यासाठी 'हाना' नावाच्या काल्पनिक संशोधिकेची चित्रफीत काढली होती. २०२१ साली हजारो संशोधकांनी 'मीच हाना' असे म्हणत आपले अनुभव जाहीरपणे लिहिले. अर्ध्या पगारावर पूर्ण दिवस काम करणाऱ्याच्या दृष्टीने तासांची नोंद हा आघात नसतो. तो पुरावा असतो.

ज्या देशाने लवचीक तासांची रीत जगाला दिली, त्याच देशातील विद्यापीठे तिचा अर्धा भाग, म्हणजे मोकळीक, ठेवून उरलेला अर्धा, म्हणजे नोंद, नाकारू पाहत होती. हा विरोधाभास केवळ जर्मन नाही. 'मला मोजू नका' असे म्हणण्याची चैन ज्याला परवडते आणि मोजले न गेल्यामुळे ज्याचे नुकसान होते, ती दोन माणसे एकाच विभागात काम करतात. पहिल्याने दुसऱ्याच्या वतीने बोलणे धोक्याचे असते.

६

आपल्याकडची स्थिती पाहताना हा धोका मनात ठेवावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या नियमावलींनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस, आठवड्याला किमान ४० तास आहे, आणि दररोज किमान ५ तास तो महाविद्यालयात वा विद्यापीठात उपलब्ध असला पाहिजे. सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास. २०१० च्या नियमावलीत संशोधनासाठी आठवड्याला किमान ६ तास राखण्याची तरतूद होती. पाच तासांची उपस्थिती आणि चाळीस तासांचा भार यांत जे अंतर आहे तेच वास्तविक आपले लवचीक कामाचे तास. ओटोब्रुनच्या रचनेशी याचे साम्य स्पष्ट आहे. पाच तासांचा गाभा आणि भोवती सैल पट्टी. पण या पट्टीत काय केले याचा संवाद अध्यापक आणि संस्था यांच्यात क्वचितच होतो. मग एके दिवशी प्रशासन बोटाचा ठसा घेणारे यंत्र दाराशी बसवते. ग्रंथालयात किंवा दफ्तरखान्यात दिवस घालवलेल्या अध्यापकाची त्यात गैरहजेरी लागते, आणि खोलीत नुसते बसून राहिलेल्याची हजेरी. नोंद झाली, पण ती कामाची नव्हे, शरीराची.

संशोधक-विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी वेगळी. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या नियमांत वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस रजा सार्वजनिक सुट्ट्यांव्यतिरिक्त मिळते आणि उन्हाळी वा हिवाळी सुट्टी लागू होत नाही. म्हणजे सुट्टीपुरता तो कर्मचारी आहे आणि सेवाशर्तींपुरता विद्यार्थी. २०१६ च्या नियमावलीने संशोधक स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण अभ्यासकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आणि पीएच.डी.च्या कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत दिली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी योजना सुरू केली. ही पावले महत्त्वाचीच आहेत. तरी त्यांचा रोख खंड पडल्यानंतर परत आणण्यावर किंवा एकदा थांबू देण्यावर आहे. रोजचा दिवस असा आखावा की खंडच पडू नये, हा विचार त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

आणि महाराष्ट्रातील साहित्याच्या अध्यापकांना ज्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही असा एक वर्ग आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा. या व्यवस्थेत वेळ अगदी काटेकोर मोजला जातो. जितक्या तासिका घेतल्या तितके मानधन. तासिकेची तयारी, उत्तरपत्रिका, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याचा प्रवास, उन्हाळ्याची सुट्टी, यांचा हिशोब शून्य. तरीही कायम नेमणुकीच्या मुलाखतीत याच अध्यापकाला विचारले जाते की आपले शोधनिबंध किती? ज्याच्या संशोधनाला आठवड्यात सहा मिनिटेही राखलेली नाहीत, त्याच्याकडून संशोधनाची अपेक्षा मात्र पूर्ण आहे. १९३३ च्या अटीत निदान ती अट उच्चारण्याचा उघडपणा होता.

२०२० साली टाळेबंदीत सगळ्यांचीच वेळ एका फटक्यात लवचीक झाली. घर हीच कचेरी, केव्हाही काम करा. त्या काळातील अनेक अभ्यासांत असे आढळले की संशोधक स्त्रियांच्या, विशेषतः लहान मुले असलेल्या स्त्रियांच्या, लेखनाला आणि नव्या प्रकल्पांना पुरुषांपेक्षा अधिक फटका बसला. वेळ सैल केल्याने ती आपोआप न्याय्य होत नाही. घरात जो अधिक ताकदवान असतो त्याच्याकडे ती वाहत जाते, आणि विभागातही तसेच घडते.

तेव्हा विद्यापीठाने संशोधकांच्या लवचीक वेळेचे व्यवस्थापन करायचे म्हणजे काय करायचे? वरील इतिहासातून चार गोष्टी निघतात आणि त्या चारही साध्या आहेत. पहिली, गाभ्याचा वेळ ठरवावा, लिहून ठेवावा आणि तो विभागप्रमुखालाही तितकाच लागू असावा. बैठक, चर्चासत्र, मार्गदर्शन त्या वेळेतच व्हावे. दुसरी, तासांची नोंद संशोधकाने स्वतः ठेवावी आणि ती त्याच्या ताब्यात असावी. वाद झाला तर ती दाखवण्याचा अधिकार त्याचा असावा. तिसरी, अर्धवेळ म्हणजे अर्धे वेतन असेल तर अपेक्षित कामही अर्धेच असावे आणि प्रबंधाची व प्रकल्पाची मुदत त्याच प्रमाणात वाढावी. चौथी, मोजता येणारे काम आणि न मोजता येणारे काम वेगळे ओळखावे. पाठ ताडणे, नोंदी करणे, उपकरणावर नजर ठेवणे, उत्तरपत्रिका तपासणे याचे तास ठरवता येतात आणि ते ठरलेच पाहिजेत. निर्णयाला, चिंतनाला, लेखनाला लागणारा वेळ ठरवता येत नाही, म्हणून त्यासाठी तास राखावे लागतात. ही दुसऱ्या प्रकारची कामे फक्त वरिष्ठांची असतात हे गृहीत धरू नये.

यात खर्चिक असे फारसे काही नाही. अडचण अधिकाराची आहे. वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या माणसाच्या वेळेवरील हक्क थोडा सोडायचा आणि एखाद्या लेखी नियमाला दोघांच्या मध्ये उभे राहू द्यायचे, हे आपल्या गुरुशिष्य परंपरेच्या अभिमानी वातावरणात जड जाते. वास्तविक त्याच परंपरेत अनध्यायही होता, आणि त्या दिवशी गुरूलाही पोथी मिटवावी लागे.